तळहातावरची शाळा

नमस्कार श्रोतेहो.

हेलन केलर आणि तिच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना वाचलेली असते. पाण्याचा पंप, मुलीच्या एका हातावर पडणारी गार धार, दुसऱ्या हातावर बाईंनी बोटांनी लिहिलेला ‘वॉटर’ हा शब्द. आणि जिला दिसत नाही, ऐकू येत नाही अशा त्या सातव्या वर्षातल्या मुलीला एकदम उमगतं, की जगातल्या प्रत्येक वस्तूला नाव असतं. तो दिवस होता ५ एप्रिल १८८७. त्या दिवशी काही तासांत हेलन तीस नवे शब्द शिकली. आपला धडा बहुधा इथंच संपायचा.

मला आज त्या पंपाच्या पुढचं सांगायचंय. मी स्वतः बरीच वर्षं शिकवलं आहे, आणि मला ही गोष्ट खरी वाटायला लागली ती तिथून पुढे. मुलाचे डोळे चमकतात तो क्षण प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर काय करायचं, हा प्रश्न त्याहून अवघड असतो.

ॲनीबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. त्यांचं स्वतःचं शिक्षण कसं झालं होतं, तेही ऐका. लहानपणी डोळ्यांच्या आजारानं दृष्टी जवळजवळ गेलेली, आई वारलेली. अमेरिकेत ट्यूक्सबरी इथल्या निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात धाकट्या भावाबरोबर त्यांची रवानगी झाली आणि तो भाऊ तिथंच गेला. पुढे १८८० साली तिथं पाहणीसाठी काही अधिकारी आले, तेव्हा या मुलीनं त्यांना गाठून सांगितलं की मला शाळेत जायचंय. बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत ती दाखल झाली तेव्हा चौदा वर्षांची होती आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सहा वर्षांनी, १८८६ मध्ये, ती वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. मधल्या काळात डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, थोडं दिसू लागलं. तळहातावर अक्षरं काढायची बोटांची लिपीही तिनं तिथंच आत्मसात केली.

अशी ही मुलगी अलाबामातल्या टस्कंबिया गावी केलर कुटुंबात शिकवायला आली. सुरुवातीला तिनंही तेच केलं, जे आपण सगळे करतो. ठरावीक वेळी धडा, ठरावीक शब्द, मग उजळणी. पंपाच्या प्रसंगानंतर मात्र पाचच दिवसांनी, १० एप्रिलच्या पत्रात त्यांनी लिहिलं, की सध्या नियमित धडे बंद.

या निर्णयाचं मला आजही नवल वाटतं. गाडी नुकती रुळावर आलेली, मुलगी शब्दामागून शब्द विचारतेय. अशा वेळी कुणीही धडे वाढवले असते. ॲनीबाईंचं लक्ष मात्र त्याच कुटुंबातल्या एका पंधरा महिन्यांच्या बाळाकडं गेलं होतं. त्या बाळाला बोलता येत नव्हतं, पण सांगितलेलं कितीतरी कळत होतं. त्याला कुणी धडा देत नव्हतं की कळलं का म्हणून पुन्हा पुन्हा विचारत नव्हतं. घरातली माणसं त्याच्याशी नुसती बोलत होती, अख्ख्या वाक्यांत. बाईंनी ठरवलं, आपणही हेलनशी असंच बोलायचं. तिच्या कानांऐवजी तिच्या तळहातात. पुरती वाक्यं लिहायची. तिला त्यातले दोनच शब्द कळले तरी हरकत नाही. बाकीचा अर्थ ती हावभावांवरून, प्रसंगावरून लावेल. आणि तिला स्वतःहून बोलावंसं वाटेल तेव्हाच ती बोलेल.

मग शाळा घराबाहेर भरू लागली. झाडाखाली, नदीकाठी. खडे रचून धरणं बांधायची, बेटं करायची, मातीचे उठावदार नकाशे चाचपायचे. हेलननं पुढे लिहून ठेवलंय, की हा अभ्यास आहे हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

एक प्रसंग मला विशेष जवळचा आहे. हेलन दोऱ्यात मणी ओवत बसली होती. दोन मोठे, तीन लहान, असा काहीसा क्रम ठरलेला. ती सारखी चुकत होती आणि बाई न कंटाळता चूक दाखवत होत्या. शेवटी एक ढळढळीत चूक तिची तिलाच सापडली. ती थबकली, आता कसं ओवायचं, याचा विचार करू लागली. बाईंनी पुढचा मणी तिच्या हातात दिला नाही. त्यांनी तिच्या कपाळाला बोट लावलं आणि तळहातावर एक शब्द लिहिला: ‘विचार कर’. आपल्या डोक्यात या क्षणी जे चाललंय त्याचं हे नाव आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं. हाताला न लागणाऱ्या गोष्टीलाही शब्द असतो, याची तिला झालेली ही पहिली जाणीव.

मुलगा फळ्यापाशी अडला की पुढची पायरी माझ्या तोंडून निघून जायची. वेळ कमी आणि अभ्यासक्रम मोठा, हे कारण माझ्यापाशी तयार असायचं. हा प्रसंग वाचल्यानंतर मी गप्प राहायला शिकलो. फार जड जातं ते. अडलेल्या मुलाशेजारी अर्धा मिनिट नुसतं उभं राहून बघा.

हेलनला पुढे कॉलेजात जायचं होतं, तेही रॅडक्लिफमध्ये, म्हणजे हार्वर्डला जोडलेल्या मुलींच्या कॉलेजात. जून १८९९ मध्ये प्रवेशाची शेवटची परीक्षा झाली. तिला प्रश्न वाचून दाखवायला ॲनीबाईंना परवानगी नव्हती. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून द्यायला एक अनोळखी गृहस्थ नेमले गेले. त्यांना बोटांची लिपी येत नव्हती. परीक्षेच्या दोन दिवस आधी बीजगणिताची एक जुनी प्रश्नपत्रिका हेलनच्या हाती आली आणि तिच्या लक्षात आलं, की यातली ब्रेल चिन्हं अमेरिकन पद्धतीची आहेत. ती बीजगणित शिकली होती इंग्लिश ब्रेलच्या चिन्हांतून. आदल्या रात्रीपर्यंत चौकटी कंस कुठला, महिरपी कंस कुठला आणि करणीचं चिन्ह कुठलं, याचा बोटांना पत्ता लागत नव्हता. तरीही ती परीक्षेला बसली, एकटी, आणि पास झाली. बारा वर्षं जिच्या हातात बाईंचा हात होता, तिनं हा पेपर त्या हातावाचून सोडवला. शिक्षिका म्हणून ॲनीबाईंची परीक्षा कुठली, असं मला विचाराल तर मी या पेपरकडं बोट दाखवीन.

१९०० मध्ये कॉलेज सुरू झालं. आता वर्गात बाई शेजारी बसायच्या. प्राध्यापक बोलत असत आणि ते बोलणं बाई त्याच वेगानं हेलनच्या हातात लिहीत. असं बोलणं चालू असताना टिपणं काढणं हेलनला शक्य नव्हतं, कारण हात ऐकण्यात गुंतलेले. घरी येऊन जेवढं आठवेल तेवढं ती टाइपरायटरवर उतरवून काढायची. नेमलेल्या पुस्तकांपैकी फार थोडी ब्रेलमध्ये मिळत. उरलेली, जर्मन, फ्रेंच, इतिहास, सगळी ॲनीबाई डोळ्यांनी वाचत आणि बोटांनी पोचवत. कसल्या डोळ्यांनी, ते मघाशी सांगितलंच. जे वाचत होत्या ते विषय त्यांनी स्वतः कॉलेजात कधी शिकलेले नव्हते.

जून १९०४ मध्ये हेलन विशेष गुणवत्तेसह पदवीधर झाली. अंध आणि बधिर व्यक्तीनं बी.ए. होण्याची ही पहिलीच वेळ. ॲनीबाईंचीही तेवढीच वर्षं त्या वर्गांत गेली होती. त्यांना त्या दिवशी पदवी मिळाली नाही. पुढे १९३२ साली टेंपल विद्यापीठानं त्यांना सन्मान्य पदवी दिली.

कॉलेजातल्या त्या चार वर्षांतली एक गोष्ट हेलननं नंतर सांगितली आहे. तासन्‌तास वाचून बाईंचे डोळे दुखायचे. धडा संपला की त्या हेलनच्या हातावर लिहून विचारायच्या, एखादा भाग पुन्हा वाचून दाखवू का? हेलनच्या डोक्यातून बरंचसं निसटून गेलेलं असायचं. तरी ती सांगायची: नको, सगळं लक्षात आहे.