परिषद बरखास्त, तपासणी चालूच

मेडिकल कॉलेजच्या तपासणीला तपासनीस वॉर्डात आले की आधी खाटा मोजतात. एकूण किती, त्यातल्या भरलेल्या किती. मग ओपीडीचं रजिस्टर, मग शिक्षकांची हजेरी. हा बघा प्राध्यापकाचा फॉर्म: फोटो, आधीचं कॉलेज, रुजू झाल्याची तारीख, जोडलेला फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, आणि खाली सही. असे गठ्ठेच्या गठ्ठे. एमबीबीएसच्या जागा 100 की 150, हे यावरच ठरायचं. म्हणून काही कॉलेजांत तपासणीपुरते डॉक्टर बाहेरून आणून उभे केले जात आणि धडधाकट माणसं खाटांवर झोपवली जात. शिकवायला माणूस नाही, शिकायला रुग्ण नाही, आणि कागदावर मात्र सगळं जागच्या जागी.

1993 च्या कायदादुरुस्तीनंतर नवं कॉलेज काढायला किंवा जागा वाढवायला केंद्राची परवानगी लागू लागली. ती मिळायची भारतीय वैद्यक परिषदेच्या, म्हणजे एमसीआयच्या, शिफारशीवर. त्या शिफारशीला भाव आला.

एप्रिल 2010 मध्ये सीबीआयनं परिषदेच्या अध्यक्षांनाच अटक केली. आरोप होता पंजाबातल्या एका कॉलेजकडून 2 कोटींची लाच मागितल्याचा. पण परिषद ज्यावर चालायची त्या 1956 च्या कायद्यात ती बरखास्त करायचं कलमच नव्हतं! 15 मे रोजी वटहुकूम निघाला, त्यानं 3-अ हे नवं कलम घातलं आणि त्याच कलमानं परिषद गेली. डॉक्टरांनी निवडून दिलेले सदस्यही त्यात गेले. कारभार सरकारनं नेमलेल्या मंडळाकडे आला. यकृततज्ज्ञ डॉ. एस. के. सरीन अध्यक्ष, सदस्यांत हृदयशल्यचिकित्सक डॉ. देवी शेट्टी. मुदत एका वर्षाची होती, ती वाढत गेली. नोव्हेंबर 2013 मध्ये परिषद पुन्हा उभी राहिली.

मार्च 2016 मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं तिच्यावर कडक ताशेरे ओढले. 26 सप्टेंबर 2018 ला दुसरा वटहुकूम, परिषद पुन्हा बरखास्त. 25 सप्टेंबर 2020 पासून 1956 चा कायदाच रद्द झाला आणि परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला.

या सगळ्या वर्षांत काही कॉलेजं बंद पडली, तिथल्या मुलांना दुसरीकडे हलवावं लागलं.

आयोग आला, तपासणी राहिलीच. 2025 मध्ये सीबीआयनं कॉलेजांच्या तपासणीतल्या लाचखोरीचा गुन्हा नोंदवला. आरोपींत आरोग्य मंत्रालयातले अधिकारी आहेत आणि आयोगानं तपासणीला पाठवलेले डॉक्टरही.