नक्कल नक्की कशाची? व्हॉल्व्ह ॲम्प आणि डिजिटल मॉडेलर

(दृश्य: अंटार्क्टिका. बर्फावर उभारलेला पारदर्शक घुमट, आत रंगमंच.)

८ डिसेंबर २०१३. अर्जेंटिनाच्या कार्लिनी संशोधन तळावर मेटालिका वाजवतेय. या बँडच्या मागे एरवी ॲम्पच्या खोक्यांची भिंत असायची. इथे ती नाही, आणि समोरच्या मूठभर श्रोत्यांच्या कानांवर हेडफोन आहेत. तिथल्या निसर्गाला आवाजाचा त्रास नको म्हणून स्पीकर लावायचेच नाहीत, असं ठरलेलं. गिटारचा तो ओळखीचा, खरखरीत आवाज येतोय तो 'ॲक्स-एफएक्स' नावाच्या डिजिटल यंत्रातून. ॲम्पच्या आवाजाची अशी नक्कल करणारं यंत्र म्हणजे मॉडेलर. पुढे बँड बर्फावरून परत आला, तरी दौऱ्यांवर ही यंत्रं सोबत राहिली.

गिटारवाल्यांच्या कुठल्याही कट्ट्यावर हा किस्सा काढा, भांडण ठरलेलं. एक म्हणणार, व्हॉल्व्ह (ॲम्पमधल्या, तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्या) तो व्हॉल्व्ह, बाकी सगळं प्लास्टिक. दुसरा म्हणणार, डोळे मिटून ओळखून दाखव. वर्षानुवर्षं चाललेला हा वाद मिटत नाही, कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत.

(दृश्य: ॲम्पची मागची बाजू. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी होताना.)

घरात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलेल्यांना हे दृश्य नवं नाही. बटण दाबायचं, दिवा लागायचा, आणि मग जरा वेळाने आकाशवाणी बोलायला लागायची. तो वेळ व्हॉल्व्ह तापण्याचा. काचेच्या नळीत निर्वात पोकळी असते. आतला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. मध्ये एक जाळी, म्हणजे ग्रिड. गिटारचा नाजूक सिग्नल या ग्रिडवर येतो आणि इलेक्ट्रॉनांचा लोंढा कमीजास्त करतो. छोट्या सिग्नलने मोठा प्रवाह हाकायचा, एवढंच ॲम्प्लिफायरचं काम.

रेडिओ बनवणाऱ्याला आवाज स्वच्छ हवा असायचा. गिटारचे ॲम्प बनवणाऱ्या अमेरिकेच्या फेंडर कंपनीलाही तसाच हवा होता. पण व्हॉल्व्हला झेपणार नाही इतका सिग्नल दिला की लहरींचे माथे चेपले जातात, मूळ स्वरात नसलेले उपस्वर उमटतात आणि आवाज फाटतो. इंजिनिअरच्या वहीत हा दोष. वाजवणाऱ्यांनी मात्र तो उचलून धरला.

१९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचा एक ड्रमवादक वाद्यांचं दुकान चालवत होता. अमेरिकेहून येणारे फेंडरचे ॲम्प गिऱ्हाइकांना परवडायचे नाहीत. दुकानातल्या माणसांनी फेंडरच्या 'बासमन'चं सर्किट समोर ठेवून, इंग्लंडात मिळतील ते सुटे भाग वापरून आपला ॲम्प जोडला. तोच मार्शलचा पहिला ॲम्प, जेटीएम ४५. म्हणजे ज्या मार्शलच्या डिजिटल नकलेवरून आज लोक नाकं मुरडतात, तो मार्शल स्वतःच दुसऱ्याच्या नकलेतून जन्मला. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर बदलले आणि नकलेचा आवाज मुळापेक्षा निराळा निघाला. त्यातूनच इंग्लिश रॉकचा आवाज घडला.

१९६६ साली गिटारवादक एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडबरोबर लंडनच्या डेक्का स्टुडिओत रेकॉर्डिंगला बसला, तेव्हा त्याने मार्शल कार्यक्रमात लावतो तेवढाच मोठा लावला. स्टुडिओच्या शिस्तीत हे बसणारं नव्हतं. माइक नेहमीपेक्षा लांब ठेवावा लागला. पण आवाज तेवढा मोठा केल्याशिवाय ॲम्प त्या तऱ्हेने बोलत नाही, हे क्लॅप्टनला पक्कं माहीत होतं.

आता 'सॅग'बद्दल थोडं, कारण हाताला जाणवणारा फरक बराचसा यात आहे. अशा ॲम्पमध्ये वीज एसीची डीसी करण्याचं काम अनेकदा एक व्हॉल्व्हच करतो. तार जोरात छेडली की शेवटचे पॉवर व्हॉल्व्ह एकदम जास्त करंट ओढतात, आतला व्होल्टेज क्षणभर बसतो, मग सावरतो. आवाजाचा पहिला ठोका दबतो आणि पाठोपाठ स्वर फुलून येतो. ऐकणाऱ्याला हे कळेलच असं नाही. वाजवणाऱ्याला मात्र ॲम्प आपल्या बोटांना उत्तर देतोय असं वाटतं.

(दृश्य: दुरुस्तीचं टेबल. उघडलेली चासी, सोल्डरिंग आयर्न, लाकडी काडी.)

या उघड्या पोटात चारशे व्होल्टच्या वर डीसी असू शकतो. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये तो दबा धरून राहतो. म्हणून जाणता कारागीर आधी रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे करतो, मीटरने खात्री करतो. चालू ॲम्पमध्ये काही तपासायची वेळ आलीच, तर एक हात खिशात. करंटला छातीतून जायला वाट मिळू नये, हा त्यामागचा हिशेब. व्हॉल्व्ह तपासताना ॲम्प चालूच असतो, आणि तो लाकडी काडीने एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारतो. चांगला व्हॉल्व्ह जवळजवळ गप्प राहतो. बिघडलेला स्पीकरमधून 'टिंग' करून स्वतःच सांगतो की मी गेलोय. ॲम्प बंद करून तो उपसायचा, नवा बसवायचा. पॉवर व्हॉल्व्ह असेल तर बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही त्यातून किती करंट वाहतो ते, तपासायचा. झालं.

एक सूचना, कारण आपल्याकडे हे हमखास घडतं. अमेरिकेतून कुणाकरवी मागवलेला ॲम्प १२० व्होल्टचा असेल, तर तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालू नका. फ्यूज उडेल, नशीब वाईट असेल तर बरंच काही जळेल. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि तो ॲम्पच्या वॅटला पुरणारा हवा.

(दृश्य: मॉडेलरचा पडदा, त्यावर ॲम्प, पेडल आणि माइकची चित्रं.)

डिजिटल बाजूचा इतिहास पटकन सांगून टाकू. १९९८ साली लाइन ६ कंपनीचा लाल, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा 'पॉड' आला. घरात रेकॉर्डिंग करणाऱ्यांना तो आवडला, पण बोटांखाली तो जरा निर्जीवच वाटायचा. २००६ साली 'ॲक्स-एफएक्स' आला. सर्किटमधला एकेक टप्पा गणितात मांडायचा, अगदी व्होल्टेज बसण्यासकट, ही त्याची रीत. २०११ साली जर्मनीच्या केम्पर कंपनीने दुसरी वाट धरली. सर्किट कशाला उलगडत बसायचं? तुमचा ॲम्प द्या, आम्ही त्याला प्रश्न विचारतो.

हे प्रश्न ऐकण्यासारखे असतात. शिट्ट्या, फुसफूस, तुटक ठोके. हे सगळं ॲम्पमधून वाजवायचं, माइकने परत पकडायचं, आणि आत काय गेलं, बाहेर काय आलं यावरून यंत्राने ॲम्पचा स्वभाव शिकायचा. आता हे काम अनेक ठिकाणी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणकी प्रोग्राम, करतो. 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' नावाचं फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याला सुमारे तीन मिनिटांची ठरावीक ध्वनिफीत ॲम्पमधून वाजवून द्यायची. बाकीचं संगणक शिकतो.

मर्यादा एकच, पण मोठी. अशा शिकलेल्या ॲम्पच्या फाइलला कॅप्चर म्हणतात, आणि ते पासपोर्ट फोटोसारखं असतं. माणूस तोच, पण त्या दिवशीचा, त्या चेहऱ्याचा. गेनचा, म्हणजे आवाज किती फाटावा हे ठरवणारा, नॉब पाचवर असताना ॲम्प कॅप्चर केला, तर फाइलमध्ये पाचवरचाच ॲम्प आहे. आठवर तो कसा ओरडला असता, हे ती फाइल अंदाजाने सांगेल.

आता मूळ मुद्दा. मॉडेलर नक्कल करतो ती कशाची? बहुतेक वेळा, ॲम्पसमोर माइक लावून जो आवाज मिळतो त्याची. त्यासाठी 'इम्पल्स रिस्पॉन्स' नावाची इवलीशी फाइल असते. अमुक स्पीकर, तमुक माइक, शंकूच्या मध्यापासून इतका बाजूला, या सगळ्याचा ठसा त्यात असतो. रेकॉर्डवर आयुष्यभर ऐकलेला गिटारचा आवाजही असाच माइकमधून आलेला आहे. पण खोलीत ॲम्पसमोर उभ्या असलेल्या माणसाने माइकचा आवाज ऐकलेला नसतो. त्याने ऐकलेली असते भिंतींवर आपटून आलेली, पायाखालची फरशी थरथरवणारी हवा. तो हेडफोन लावतो आणि म्हणतो, छे, यात दम नाही. त्याचं खरं आहे. पण त्याच क्षणी त्याचाच खरा ॲम्प माइक लावून हेडफोनवर ऐकवला, तरी तो हेच म्हणेल.

तुलना करायचीच तर ॲम्प शेजारच्या खोलीत, समोर माइक, आणि दोन्ही आवाज एकाच स्पीकरवर, एकाच पातळीवर. पातळी नीट जुळवायची, कारण जरासा मोठा आवाज कानाला लगेच 'चांगला' वाटतो. या व्हिडिओत 'ओळखा पाहू'चा खेळ मी मुद्दाम घेतलेला नाही. तुमच्यातले बरेच जण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकताय. तिथे दोन्ही सारखेच पत्र्याचे वाटतील. पण रेकॉर्डिंगपुरतं विचाराल, तर माझ्या मते हा वाद संपलेला आहे. चांगल्या मॉडेलरचा आवाज मिक्समध्ये, म्हणजे बाकीच्या वाद्यांसोबत, मलाही ओळखता येत नाही.

'डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो' ही तक्रारही आता जुनी झाली. दोनतीन मिलिसेकंदांचा उशीर असतो खरा. पण हवेत एक मीटर अंतर कापायला आवाजाला साधारण तेवढाच वेळ लागतो. ॲम्पपासून एक पाऊल मागे सरकलात, तर तितकाच उशीर होईल, आणि तेव्हा कुणी तक्रार करत नाही.

(दृश्य: रात्री उशिराची सोसायटी. बहुतेक खिडक्या बंद.)

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न आवाजाच्या गुणवत्तेचा उरतच नाही. पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्पसुद्धा रंगात यायला लागला की वरच्या मजल्यावरून फोन येतो. वॅट कमी करून फार काही साधत नाही. शंभराचे दहा केले तरी कानाला आवाज साधारण निम्माच झाल्यासारखा वाटतो. मग तासाच्या भाड्याने जॅमरूम घ्यायची आणि तिथे आपला ॲम्प जिन्याने वर न्यायचा. फेंडरचा 'ट्विन रिव्हर्ब' २९ किलोच्या आसपास. त्याच रूपाचा, आत व्हॉल्व्हऐवजी प्रोसेसर असलेला 'टोन मास्टर' फेंडरने २०१९ साली काढला, तो साधारण १५ किलोचा. दोन मजले चढून बघा, टोनविषयीची मतं मवाळ होतात.

व्हॉल्व्हच्या बाजूने बोलायचं तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, मोठ्या आवाजात स्पीकरसमोर गिटार धरली की तारा आपोआप गायला लागतात. ही हवेची आणि लाकडाची देवाणघेवाण आहे. मॉडेलरही मोठ्या स्पीकरला जोडला तर ती करतो, हेडफोनवर नाही. दुसरी, आयुष्य. साठ वर्षांपूर्वीचा ॲम्प आजही सोल्डरिंग आयर्नने उभा करता येतो. मॉडेलरचा मुख्य बोर्ड गेला आणि कंपनीने सुटे भाग बंद केले, तर कारागीर काय करणार? अर्थात व्हॉल्व्हचीही चैन उरलेली नाही. एके काळी आपल्याकडे बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही व्हॉल्व्ह बनवायची. आता रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा मोजक्या ठिकाणचे कारखाने उरलेत. २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची धांदल उडाली होती.

तुमच्याकडे चालू स्थितीतला जुना ॲम्प असेल, तर तो विकण्याआधी किंवा त्याचा स्पीकर बदलण्याआधी कॅप्चर करून ठेवा. लॅपटॉप, साधा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आणि एक माइक पुरतो. एकच नको, गेन कमी, मध्यम, जास्त अशा निदान तीन फाइली करा. आणि प्रत्येक वेळी नॉब कुठे होते, माइक किती अंतरावर होता, हे फाइलच्या नावातच लिहा, कारण सहा महिन्यांनी ते कुणालाच आठवत नाही.