करवंटी, दोन बोटं पाणी आणि शेजारी बसलेली आजी

नमस्कार. समोर आयांपेक्षा आज्या जास्त दिसतायत, हे फार बरं झालं. आई कामावरून येईपर्यंत तान्हं कोणाच्या मांडीवर असतं, हे फोंड्यात कोणाला सांगायला नको.

मध्यंतरी एका घरी दहा महिन्यांची मुलगी खेळताना पाहिली. सोप्यावर चटई, पुढ्यात पसरट ताट, त्यात दोन बोटं पाणी आणि घासून गुळगुळीत केलेली अर्धी करवंटी. बराच वेळ ती नुसती पाण्यावर तळहात आपटत होती. मग करवंटी उचलून तोंडाला लावली, चाटली, सोडून दिली. करवंटी तरंगली. मुलगी थबकली. बोटाने दाबून पाहिलं, बोट काढताच ती परत वर आली. पुन्हा दाबली. इतक्यात आजी मायेने म्हणाली, "अगो, अशी नव्हे, त्यात पाणी भर," आणि करवंटी तिने स्वतःच्या हातात घेतली. मुलीने मान फिरवली. खेळ तिथेच संपला.

त्या घरात कसलीच कमतरता नव्हती. फक्त आणखी दोन मिनिटं गप्प बसायला हवं होतं. मूल एखाद्या वस्तूत गुंतलं, की आपले हात मांडीत ठेवायचे. एवढं एकच सांगायला मी आज आले आहे.

वस्तू घरातच आहेत. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावात काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरी पद्धतीचं महागडं खेळ-साहित्य गावात परवडणारं नव्हतं. त्यांनी शंख, शिंपले, बिया, पानं हाताशी घेतली. पण ती मुलं थोडी मोठी. आपली तान्ही प्रत्येक गोष्ट आधी तोंडाने ओळखतात. म्हणून चिंचोके, वाटाणे, बारीक शिंपल्या तीन वर्षांपर्यंत नकोत. काजूच्या दिवसांत कच्ची बी तर हाताला लागता कामा नये, सालीतल्या तेलाने कातडी भाजते. पाणी कितीही थोडं असो, उठायचं झालं तर मुलाला उचलून उठा आणि ताट लगेच पालथं करा.

अगदी तान्ह्याला वीस ते तीस सेंटीमीटरवरचं सगळ्यात बरं दिसतं, म्हणजे मांडीवरून तुमचा चेहरा. त्याच्यासाठी तोच खेळ. तीन-चार महिन्यांच्या बाळाला चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवाखाली, घेऊन बसा. सुपारीचे घोस, आंबाडे, तवशी, वाऱ्याने हलणारी पानं. बाळ किती वेळ वर बघत राहतं पाहा. वरचं खाणं सुरू झालं, की उकड्या तांदळाचा मऊ भात गार करून ताटात पसरा, चिवडू दे. हळदीच्या पानात पातोळ्या वाफवायच्या दिवशी त्यातलं एक पान चुरगळून नाकाजवळ धरा.

काही मुलं ओल्या रेतीला हात लावत नाहीत. मिरामारच्या किनाऱ्यावर पाय उचलून रडणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. बळेबळे पाय टेकवू नका. आधी चमचा द्या, कोरडी रेती द्या. तुम्ही खेळा, त्याला बघू दे. कपडे, जेवण, आवाज, सगळ्यालाच रोज असं होत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला.

आता ज्यांची बाळं सोबत आहेत, त्यांनी पुढे चटईवर या. ताटं मांडली आहेत, पाणी कोमट आहे. आज्यांनी शेजारीच बसायचं.