इंग्रजीत तुलना करताना

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. नसेल, आणि ठाण्याहून वाशीला निघालेल्या गाडीत दाराशी उभे असाल, तरी नुसतं ऐका. आजची बरीचशी उदाहरणं त्याच वाटेवरची आहेत. विषय आहे इंग्रजीतली तुलना. दहावीच्या पेपरात ‘डिग्री बदला’ म्हणून जी भेटते तीच. मुलाखतीत, ऑफिसच्या ईमेलमध्ये, भाड्याच्या घराची चौकशी करतानाही ती टळत नाही.

आधी आपली मराठी बघू. ‘ठाणे जुने आहे. ठाणे वाशीपेक्षा जुने आहे. ठाणे सगळ्यांत जुने आहे.’ तिन्ही वाक्यांत ‘जुने’ हा शब्द तसाच राहिला. तुलना केली ती ‘पेक्षा’ने, आणि तो ‘पेक्षा’ चिकटला वाशीला. इंग्रजीत हे काम दोघांत वाटलेलं असतं. विशेषणाने रूप बदलायचं, ओल्डचं ओल्डर व्हायचं, आणि वाशीच्या आधी दॅन यायचा. ‘ठाणे इज ओल्डर दॅन वाशी.’ आपल्या सवयीत विशेषणाला हात लावायचा नसतो, म्हणून तोंडून निघतं ‘ठाणे इज ओल्ड दॅन वाशी’. मग कोणीतरी टोकतं, आणि पुढच्या वेळी माणूस धास्तीने दोन-दोन कुलपं लावतो: ‘मोअर ओल्डर दॅन’. ओल्डरमध्ये ‘अधिक’ आलेलंच आहे, वर मोअर लावायचं कारण नाही. मोअर बेटर, मोअर चीपर, मोस्ट बेस्ट ही सगळी याच घरची मंडळी.

दॅनचं स्पेलिंग टी, एच, ए, एन. ए ऐवजी ई पडला की तो ‘देन’ होतो, म्हणजे ‘मग’. बोलताना दॅनवर जोर नसतो, तो ‘दन’सारखा निसटतो, त्यामुळे कानाला फरक कळत नाही आणि लिहिताना घात होतो. संगणकातला स्पेलिंग तपासनीसही हे हमखास पकडेल असं नाही, कारण देन हाही खराच शब्द आहे.

आता ईआर कधी आणि मोअर कधी? हे शब्दाच्या लांबीवर ठरतं, पण लांबी म्हणजे स्पेलिंगमधली अक्षरं नव्हेत. उच्चारात स्वराचे ठोके किती पडतात ते मोजायचं. हनुवटीखाली हात धरा आणि शब्द सावकाश म्हणा; हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके ठोके. स्ट्राँग लिहायला लांबलचक, पण ठोका एकच. एका ठोक्याच्या शब्दाला ईआर आणि ईएसटी: स्ट्राँगर, स्ट्राँगेस्ट; चीपर, चीपेस्ट. तीन किंवा जास्त ठोके असतील तर मोअर आणि मोस्ट: मोअर एक्स्पेन्सिव्ह, मोस्ट कन्व्हीनियंट.

घोळ होतो तो दोन ठोक्यांच्या शब्दांत. शेवटी वाय असेल तर वायचा आय करून ईआर लावा: बिझी, बिझिअर, बिझिएस्ट. शेवट फुल, लेस, इंग, ईडी किंवा ओयूएस असा असेल तर मोअर: मोअर यूसफुल, मोअर बोअरिंग, मोअर फेमस. म्हणून ‘घोडबंदर रोड इज मोअर क्राउडेड दॅन पाम बीच रोड’, पण ‘घोडबंदर रोड इज बिझिअर दॅन पाम बीच रोड’. अर्थ जवळजवळ तोच, घडण वेगळी. क्लेव्हर, सिंपल, नॅरो, पोलाइट यांना दोन्ही चालतं. अडलात तर वायच्या शब्दांना ईआर आणि बाकीच्यांना मोअर, एवढ्यावर निभावतं. एक ठोका असूनही मोअर मागणारे थोडे आहेत: टायर्ड, बोअर्ड, फन, राइट, राँग. ते तोंडपाठच करावेत.

स्पेलिंगमध्ये शेवटचं अक्षर कधी दुप्पट होतं तेही लिहून घ्या. शेवटी एक व्यंजन, त्याआधी एकच स्वर, आणि शब्द एका ठोक्याचा, की व्यंजन डबल: बिगचं बिगर दोन जींनी, हॉटचं हॉटर दोन टींनी, थिनचं थिनर दोन एननी. चीपमध्ये स्वराची अक्षरं दोन आहेत, तिथे पी एकच. स्लो आणि लोच्या शेवटी डब्ल्यू आहे, तो कधी डबल होत नाही. हे सगळं उच्चार सांभाळण्यासाठी चाललेलं असतं. एल, ए, टी, ई, आर म्हणजे लेटर, ‘नंतर’. त्यातच दोन टी घाला, तर झालं लॅटर, ‘दोघांतला दुसरा’. एकटं व्यंजन आधीच्या स्वराला लांबवतं, जोडीचं त्याला आखूड ठेवतं.

नियमाला न जुमानणारे शब्द थोडेच, पण रोजच्या वापरातले. गुड, बेटर, बेस्ट सगळ्यांना येतं. बॅड, वर्स, वर्स्ट मात्र घसरवतं. ‘ट्रॅफिक इज वर्स्ट दॅन यस्टरडे’ असं सर्रास कानावर येतं. दॅन असेल तर वर्स, शेवटचा टी नाही. वर्स्टला दॅन लागत नाही, त्याच्या आधी ‘द’ लागतो. लिटलचं लेस, लीस्ट. मच आणि मेनी दोघांचंही मोअर, मोस्ट. मोजता येणाऱ्या वस्तू कमी असतील तर फ्यूअर, न मोजता येणारं कमी असेल तर लेस: फ्यूअर ट्रेन्स, लेस टाइम. बोलण्यात आजकाल दोन्हीकडे लेस ऐकू येतं, पण परीक्षेत आणि कागदोपत्री फ्यूअर सांभाळा.

‘मोठा’ हा शब्द इथे आपल्याला खड्ड्यात घालतो. मराठीत दादा मोठा आणि हॉलही मोठा. त्यामुळे ‘दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे’ याचं ‘बिगर दॅन मी’ होतं, म्हणजे दादा अंगाने थोराड ठरतो. वय असेल तर ओल्डर. थोरला भाऊ म्हणताना एल्डर ब्रदर बरोबर, पण एल्डरपुढे दॅन चालत नाही. आणि ती ‘दोन वर्षांनी’ कुठे ठेवायची? विशेषणाच्या लगेच आधी: ‘ही इज टू इयर्स ओल्डर दॅन मी.’ ठाणे महानगरपालिका १९८२ची, नवी मुंबईची १९९२ची. म्हणून ‘ठाणे कॉर्पोरेशन इज टेन इयर्स ओल्डर दॅन नवी मुंबई कॉर्पोरेशन’. आकडा दॅनच्या पुढे ढकलून ‘ओल्डर दॅन टेन इयर्स’ म्हटलंत तर अर्थ होतो ‘दहा वर्षांहून जुनी’, आणि नवी मुंबईचा पत्ताच राहत नाही.

फरक आकड्यात सांगायचा नसेल, नुसता ‘खूप’ म्हणायचा असेल, तर व्हेरी चालत नाही. व्हेरी गुड ठीक, व्हेरी बेटर चूक. तिथे मच, अ लॉट किंवा फार: मच बेटर, अ लॉट चीपर, फार बेटर. हा फार इंग्रजीच आहे बरं का, एफ, ए, आर; आपल्या ‘फार’शी तो जुळला हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोयीचा.

घरभाड्याच्या बोलण्यात तर तीन चुका एका वाक्यात सापडतात. ‘माय रेंट इज मोअर चीपर ॲज कम्पेअर्ड टू यू.’ पहिली, मोअर आणि चीपर एकत्र. दुसरी, ‘ॲज कम्पेअर्ड टू’. विशेषणाने रूप बदललं की पुढे साधा दॅन पुरतो, ही शेपटी नको. तिसरी सगळ्यांत चिवट आहे. भाड्याची तुलना माणसाशी झाली. मराठीत आपण ‘माझं भाडं तुझ्यापेक्षा कमी आहे’ म्हणतो आणि ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत भाड्याची तुलना भाड्याशीच करायची, म्हणून यू नाही, युअर्स. शिवाय भाडं, किंमत, पगार हे लो किंवा हाय असतात. चीप असतं ते घर किंवा वस्तू. नीट वाक्य असं: ‘माय रेंट इज लोअर दॅन युअर्स.’ शहरांबाबतही तेच. ‘रेंट्स इन ऐरोली आर लोअर दॅन वाशी’ हे अर्धवट. ‘दॅन दोज इन वाशी’ किंवा ‘दॅन इन वाशी’ म्हणा.

बरोबरी दाखवताना ॲज दोनदा येतो. ‘वाशीइतकं’ हा आपला एक शब्द असल्यामुळे पहिला ॲज गळतो. ‘ऐरोली इज नॉट ॲज बिग ॲज वाशी’: दोन्ही ॲज ठेवा, आणि मधलं विशेषण मूळ रूपात. ‘ॲज बिगर ॲज’ असं काही नसतं. दुप्पट-तिप्पटही याच साच्यात बसतं. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे. नवी मुंबई मेट्रोची बेलापूर ते पेंधर ही पहिली मार्गिका ११.१ किलोमीटरची. तेव्हा ‘अटल सेतू इज ऑलमोस्ट ट्वाइस ॲज लाँग ॲज मेट्रो लाइन वन’. ट्वाइस लाँगर म्हणू नका. थ्री टाइम्स लाँगर वर्तमानपत्रांत दिसतं, पण त्याचा अर्थ तिप्पट की चौपट यावर वाद घालता येतो. ॲज-ॲजमध्ये वादाला जागा नाही.

आता ‘सगळ्यांत’. ईएसटी किंवा मोस्ट, आणि त्याआधी द. हा द मराठीत नाही, म्हणून तो हमखास राहून जातो. पुढे शब्द स्वराने सुरू होत असेल तर त्याचा उच्चार दी: दी ओल्डेस्ट, पण द लाँगेस्ट. नंतर जागा आली तर इन, मोजका गट आला तर ऑफ: ‘इन इंडिया’, ‘ऑफ द थ्री’. रेल्वेमार्गासाठी ऑन: ‘दिघा गाव इज द न्यूएस्ट स्टेशन ऑन द ट्रान्स-हार्बर लाइन.’ ते स्थानक जानेवारी २०२४मध्ये सुरू झालं. आणि दोघांतच निवड असेल तर व्याकरणाची पुस्तकं ईएसटी देत नाहीत, ‘दी ओल्डर ऑफ द टू’ लिहायला सांगतात.

‘वन ऑफ द’ नंतर नाम अनेकवचनी घ्या. ‘वन ऑफ द बेस्ट स्कूल इन ठाणे’ असे फलक चिकार दिसतात. मराठीत ‘चांगल्या शाळांपैकी एक शाळा’ असं वाक्य एकवचनावर येऊन थांबतं, तेच कानात राहतं. अनेकांतली एक, म्हणून स्कूल्स.

परीक्षेला बसणाऱ्यांनी इथे थोडं जास्त लक्ष द्या. ‘अटल सेतू इज द लाँगेस्ट सी ब्रिज इन इंडिया.’ याची मधली डिग्री: ‘अटल सेतू इज लाँगर दॅन एनी अदर सी ब्रिज इन इंडिया.’ मूळ डिग्री: ‘नो अदर सी ब्रिज इन इंडिया इज ॲज लाँग ॲज अटल सेतू.’ नो अदर नंतर नाम एकवचनी आणि क्रियापद इज. मूळ वाक्यात ‘वन ऑफ द’ असेल तर मात्र हा साचा लावू नका, कारण मग तो एकटा पहिला राहत नाही. तिथे ‘व्हेरी फ्यू’ घ्या, नाम अनेकवचनी, क्रियापद आर. आणि मधल्या डिग्रीत ‘दॅन मोस्ट अदर’. विद्यार्थी घाईत दोन साच्यांची खिचडी करतात आणि ‘व्हेरी फ्यू सिटी इज’ लिहून मोकळे होतात.

एनी अदरमधला अदर का, हे पाठांतरात कोणी सांगत नाही. अटल सेतू स्वतः भारतातला पूल आहे. नुसतं ‘एनी सी ब्रिज इन इंडिया’ म्हटलं तर त्या एनीत तो स्वतःही आला आणि स्वतःपेक्षाच लांब ठरला. अदर त्याला बाजूला काढतो. पण तुलना गटाबाहेरच्याशी असेल तर अदर घालणंच चूक. ‘ठाणे इज बिगर दॅन एनी नोड इन नवी मुंबई.’ नोड म्हणजे वाशी, ऐरोलीसारखा नवी मुंबईचा एक भाग. ठाणे असा नोड नाही, तेव्हा अदर नको.

राहिले सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर. हे लॅटिनमधून आले तेव्हा त्यांची तुलनेची रूपं अंगावर घेऊनच आले; तो शेवटचा आयओआर लॅटिनचा ईआरच आहे. त्यांना दॅन चालत नाही, टू लागतो: ‘शी इज सीनियर टू मी.’ बोलीत ‘मोअर सीनियर दॅन’ ऐकू येतं, आणि इंग्लंड-अमेरिकेतही वापरतात, पण मोअरशिवाय ‘सीनियर दॅन’ कुठेच बरोबर नाही. प्रिफरलाही टू: ‘आय प्रिफर द ट्रेन टू द बस.’ त्या टूनंतर क्रिया आली तर तिला इंग लावा: ‘आय प्रिफर वॉकिंग टू वेटिंग फॉर अ रिक्षा.’ ठाणे स्टेशनबाहेर संध्याकाळी सातला हे वाक्य वापरायची संधी रोज मिळते.