एक्सल दुसरा, ब्रेक मूळचेच

(दृश्य: स्टँडवर उचललेली गाडी, मागची चाकं काढलेली)

या गाडीच्या क्राउन-पिनियनचे, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीचे, दात संपलेत. वेग घेतला की मागून घोंघावणारा आवाज येतो, म्हणून अख्खा मागचा एक्सल बदलायचा आहे. शेजारी दुसऱ्या गाडीचा एक्सल येऊन पडलाय. त्यावरही चाकाबरोबर फिरणारे ड्रम आहेत, ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर आहेत, ऑइलच्या दाबाने ते लायनर ढकलणारे व्हील सिलिंडर आहेत. मग तो आहे तसाच चढवला तर काय बिघडलं?

बरंच काही बिघडू शकतं. ब्रेक अख्ख्या गाडीच्या हिशेबाने बसवलेले असतात. व्हील सिलिंडरचंच बघा. समजा मूळचा पाऊण इंची आहे, म्हणजे सुमारे 19 मिलिमीटर, आणि आलेल्या एक्सलवरचा सात अष्टमांश इंची, सुमारे 22 मिलिमीटर. हातात घेतले तर फरक कळणारही नाही. पण ऑइलचा दाब तेवढाच असताना पिस्टनचं क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी वाढतं, आणि लायनर त्याच प्रमाणात जास्त जोराने ड्रमवर दाबले जातात. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. नेमकी तेव्हाच ती पुढच्या चाकांच्या आधी जाम झाली, तर गाडी मागून आडवी फिरते. ओल्या रस्त्यावर ती सावरणं मुरलेल्या ड्रायव्हरलाही कठीण जातं.

म्हणून एक्सल कुठलाही आणा, ब्रेक मात्र मूळचेच चढवा, हा माझा आग्रह आहे.

आधी गिअरचं प्रमाण तपासून घ्यायचं. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जुळणीत, एका बाजूचं चाक घट्ट धरायचं, दुसरं पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि पिनियनच्या फ्लँजचे, म्हणजे बाहेरच्या जोडचकतीचे, फेरे मोजायचे. क्राउनला 41 आणि पिनियनला 10 दात असतील, तर चार फेरे होऊन वर थोडं भरेल: 4.1. जीपसारख्या चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत हा आकडा पुढच्या एक्सलशी जुळलाच पाहिजे.

(दृश्य: बॅकिंग प्लेटचा क्लोज-अप)

आता खरी कसोटी. या प्रकारच्या एक्सलमध्ये बॅकिंग प्लेट, म्हणजे लायनर आणि सिलिंडर जिच्यावर बसतात ती पत्र्याची थाळी, आणि बेअरिंगची पट्टी एकाच चार बोल्टवर असतात, त्यामुळे चाक फिरवणारा शाफ्ट ओढून काढल्याशिवाय प्लेट सुटत नाही. मूळची प्लेट नव्या हाउसिंगवर, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचावर, लावून बघायची. चारही भोकं जुळली, मधलं भोकही चपखल बसलं, तरी काम झालं असं समजू नका. प्लेट जिथे टेकते तिथपासून चाकाच्या फ्लँजपर्यंतचं अंतर दोन्ही एक्सलवर मोजा. काही मिलिमीटरचा फरक असला, तरी ड्रमची कड प्लेटला घासते, नाहीतर लायनरचा काठ ड्रमबाहेर राहतो. हे माप जुळत नसेल, तर तो एक्सल या गाडीचा नाही. वॉशर घालून जुळवाजुळव करू नये.

मूळचे भाग वापरायचे म्हणजे डोळे मिटून वापरायचे नाहीत. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो. आतून एकमेकांना काटकोनात दोन ठिकाणी मापायचं. आकडा ओलांडला असेल तर ड्रम बाद. मग व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचलायचं. आत ब्रेक ऑइल साचलेलं दिसलं, तर सिलिंडर त्याच मापाचा नवा. स्प्रिंग तापून निळसर पडली असेल तर ती बाद. लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा डावा आणि उजवा ॲडजस्टर वेगवेगळा ठेवायचा, कारण अनेक गाड्यांत त्यांचे आटे उलट दिशेचे असतात. आणि गिअर ऑइल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावायचे नाहीत, दोन्ही चाकांचे नवे घालायचे. आतली धूळ हवेने फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

हे ऑइल ब्रेकमध्ये येतं कुठून? फाटक्या सीलमधून, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हाउसिंगवरची ही छोटी टोपी बघा. हा ब्रीदर. चिखलाने बुजला की एक्सल तापल्यावर आतली हवा फुगते आणि ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. नवे सील घातले आणि ब्रीदर बुजलेलाच ठेवला, तर ते सीलही लवकरच गळायला लागतात.

पुढचं काम ओळखीचं आहे. पाट्यांवर, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, एक्सल बसवताना तो आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्यायचे, कारण जुने एकदा ताणलेले असतात. कर्णरेषेत, थोडे थोडे आवळायचे. पाट्यांच्या टोकांच्या बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळायचे. गिअर ऑइल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. लायनर ॲडजस्ट करून ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली एअर काढायची, आणि हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी.

पहिले ब्रेक मोकळ्या जागेत, अगदी कमी वेगात मारून बघायचे. थोडी चालवून झाली की यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे. त्याच वेळी बॅकिंग प्लेटच्या खालच्या कडेवरून बोट फिरवायचं. बोटाला गिअर ऑइलचा उग्र वास आला, तर शाफ्ट परत बाहेर काढून सील बघायचा.