पाहुणे शनिवारचे, स्वयंपाक एका भगुन्यातला

श्रोते हो, नमस्कार.

शनिवार-रविवार आला की आपल्या मराठवाड्यातल्या घरांत माणसांची ये-जा सुरू होते. पुण्याला कामाला असलेला भाऊ बायको-लेकरांना घेऊन रात्रीच्या गाडीनं येतो. संभाजीनगरला शिकणारी भाची दोन मैत्रिणींना घेऊन उतरते. शेजारच्या गावचे व्याही बाजाराला आले की पाच मिनिटं म्हणून ओसरीवर टेकतात. जेवल्याशिवाय कुणाला जाऊ द्यायचं नाही ही आपल्याकडची रीत, आणि ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. पण तिचा सगळा भार बहुतेक घरांत एकाच माणसावर पडतो. बाहेर गप्पा रंगतात, पंगत बसते, उठते, आणि घरची बाई सगळ्यांच्या शेवटी, गार झालेलं कालवण वाढून घेऊन स्वयंपाकघरातच जेवते. तोवर लेकरं झोपलेली असतात, पाहुणे पेंगुळलेले असतात. नणंद वर्षानं माहेरी येते, आणि वहिनीशी दोन शब्द नीट बोलायचे राहून जातात.

म्हणून सुट्टीचा बेत ठरवताना मी आधी एवढंच पाहते, की रांधणारं माणूस सगळ्यांबरोबर पानावर बसेल का? बसत नसेल तर तो बेत सणाला ठेवावा. पुरण, कटाची आमटी, भजी, कुरडया हे सगळं सणाचं वैभव आहे. शनिवारी रात्री त्याची गरज नाही.

खरी अडचण येते ती भाकरीपाशी. ज्वारीच्या भाकरीवर आपण वाढलो. तव्यावरून थेट ताटात आलेल्या भाकरीची सर कशालाच नाही. पण दहा-बारा माणसं म्हटली की वीस-पंचवीस भाकरी आल्या, आणि तासभर तव्यापुढून हलता येत नाही. कणीक जशी आधी मळून झाकून ठेवता येते, तसं ज्वारीच्या पिठाचं होत नाही. त्याला गव्हाची चिकाटी नाही. कढत पाणी घालून, एकेका भाकरीपुरतं पीठ तळहाताच्या टाचेनं रगडावं, तेव्हा ते एकजीव होतं. दळण जुनं असलं की विरी गेलेली असते आणि थापताना कडा चिरत जातात. तेव्हा पाहुणे येणार असतील त्या आठवड्यात दळण ताजं आणा. आणि तव्यापुढं दोघं उभे राहा, एकानं थापावी, दुसऱ्यानं भाजावी. भाजायचं काम घरातल्या पुरुषांनी घ्यावं. वरून पाणी फिरवणं, वेळेवर उलटणं, आरावर किंवा गॅसवर फुगवणं हे दोन-चार भाकऱ्यांत हाताला बसतं.

याहून सोपा मार्ग म्हणजे भाकरीची गरजच पडणार नाही असा पदार्थ करायचा. माझ्या मते थंडीच्या दिवसांत शनिवारच्या रात्रीला शेंगोळ्यांसारखा, म्हणजे रश्श्यात शिजवलेल्या हुलग्याच्या पिठाच्या कड्यांसारखा, बेत नाही.

आठ माणसांना अर्धा किलो हुलग्याचं पीठ धरा. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तेच आपले हुलगे. त्यात दीड-दोन मुठी ज्वारीचं पीठ घाला, म्हणजे शेंगोळे गिचगिचीत होत नाहीत. लसणाच्या दोन गड्ड्या, चार-पाच हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरे पाट्यावर किंवा खलबत्त्यात जाडसर वाटा. मिक्सरमध्ये ते गंधासारखं बारीक होतं, तसं करू नका. लसणाचा कण दाताखाली आला पाहिजे. त्यातलं निम्मं वाटण पिठात, निम्मं फोडणीला. हळद, मीठ, थोडं तिखट घालून कोपरात, म्हणजे परातीत, घट्ट पीठ मळा. सैल झालं तर शेंगोळे उकळीत विरघळतात.

आता गंमत सुरू होते. कोपर उचलून बाहेरच्या खोलीत न्या आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवा. तेलाची वाटी जवळ असू द्या. लिंबाहून लहान गोळी घ्यायची, दोन तळव्यांत किंवा पाटावर वळून पेन्सिलीएवढी वळी करायची, दोन्ही टोकं चिमटीनं जुळवून कडं करायचं. लेकरांना हे काम फार आवडतं. त्यांची कडी वाकडीतिकडी होतील, कुणी इंग्रजी आठ करेल, कुणी आपल्या नावाचं अक्षर वळेल. शिजल्यावर आपापला शेंगोळा शोधून खाण्यात ती इतकी रमतात की एरवी हुलग्याला तोंड वाकडं करणारी लेकरं दुसऱ्यांदा वाटी पुढं करतात. आजीला खाली बसवत नसेल तर तिच्या खुर्चीपुढं ताट धरा. हातांना काम असलं की बोलणंही मोकळं होतं. टीव्ही लावायची आठवण कुणालाच राहत नाही.

तिकडं मोठ्या भगुन्यात तेल तापवून मोहरी, जिरे, उरलेलं वाटण, कढीपत्ता, तिखट आणि घरचा काळा मसाला घाला. वाटण लालसर झालं की साडेतीन लिटरच्या आसपास पाणी ओता, मीठ घाला आणि खळखळून उकळी येऊ द्या. शेंगोळे थोडे थोडे सोडा. सगळे एकदम टाकले तर उकळी बसते आणि खाली लगदा होतो. टाकल्या टाकल्या पळी फिरवू नका, मोडतात. आधी ते तळाला जातात, मग एकेक करून वर येतात. वर आले म्हणजे शिजले असं मात्र नाही. मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं रटरटू द्या. एक काढून चमच्यानं कापून बघा. मध्ये कोरड्या पिठाची रेघ दिसली तर अजून पाच मिनिटं. कोपराला चिकटलेलं पीठ पाण्यानं धुऊन तेच पाणी वरून घातलं की रस्सा दाट होतो, आणि कोपरही निम्मं घासून होतं. वाढताना वर कच्च्या तेलाची धार, कोथिंबीर, आणि बाजूला बुक्कीनं फोडलेला कांदा. ज्यांना भाकरी लागतेच त्यांच्यासाठी सकाळच्या चार असू द्या. शिळी भाकरी या रश्श्यात कुस्करून अधिक छान लागते.

शेंगोळे रटरटत असताना स्वयंपाकघरात कुणी थांबायचं कारण नाही. भगुनं उचलून मध्ये आणलं की वाढणारं वेगळं माणूस लागत नाही.

एका भगुन्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो आपल्या भागात लहान नाही. भांडी कमी पडतात. फाल्गुन सरला की आपल्या कितीतरी गावांत पाणी टँकरवर येतं. शहरातही नळाला आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी येणारी घरं आहेत. बारा माणसांचं चार भाज्यांचं जेवण झालं की मोरीत भांड्यांची रास पडते आणि ती घासायला किती बादल्या लागतात हे घासणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्याच्या घरचं पाणी जपणं हीसुद्धा पाहुण्याची जबाबदारी आहे. जेवलेलं ताट ज्याचं त्यानं धुवावं. यात कुणाचा मान कमी होत नाही.

न सांगता पाहुणे आले तर डब्यातलं येसर काढा. लग्नघरी येसर-मेतकूट दळायची आपली जुनी पद्धत आहे, पण लग्नाची वाट कशाला बघायची? गहू, ज्वारी किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, थोडे तांदूळ, धने, जिरे हे सगळं वेगवेगळं खमंग भाजून, खडा मसाला घालून एकत्र दळून आणलं की कोरड्या बरणीत महिनोन् महिने राहतं. प्रत्येक धान्य वेगळंच भाजा, कारण गव्हाला वेळ लागतो आणि तोवर जिरे जळून कडू होतात. पाहुणे हातपाय धुईपर्यंत आमटी होते. चार वाट्या पाण्याला अर्धी वाटी येसर, आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत. लसूण आणि तिखटाची झणझणीत फोडणी, पाणी, कालवलेलं येसर, चिंचेचा कोळ, दहा-बारा मिनिटं उकळी. पातळच उतरवा, कारण ती बसल्या बसल्या दाट होते. चिंच लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीची मिळाली तर बघायलाच नको. तिथल्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. भात आणि येसराची आमटी एवढ्यावर कुणीही तृप्त होऊन उठतं. सोबत भाजलेला पापड असला तर उत्तम.

मांसाहारी घरांत बेत वेगळा असणार. 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्या काळापासूनची तहरी, म्हणजे मसाल्याचा भात, आजही आपल्याकडे टिकून आहे. भाज्यांची असो की मटणाची, तीही एकाच भांड्यात होते आणि बरोबर दही-कांदा पुरतो. संभाजीनगरकरांना तर नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आहेच. मुहम्मद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हाच्या फौजेबरोबर हे खाणं आलं असं शहरात सांगतात. नान घरी करायच्या भानगडीत पडू नये, ते भट्टीचंच काम. नान भट्टीवरून आणावेत, खलिया दुपारीच शिजवून ठेवावा. मुरला की रात्री अधिक चांगला लागतो. निम्मं जेवण विकत आणलं म्हणून पाहुणचारात उणं राहतं असं मी मानत नाही.

पुष्कळ माणसं आणि थोडे हात, यावर आपल्याच मातीतला आणखी एक तोडगा लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको. वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येची आपली येळवस. त्या दिवशी शेतात कोण येईल, किती येतील याची मोजदाद नसते. ओळखीचा, बिनओळखीचा, जो बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवतात. हे जमतं कशामुळं? भज्जीमुळं. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, चुका, पातीचा कांदा, गाजर, जे माळवं हाताला येईल ते एका मोठ्या भांड्यात शिजतं, चिंचेचं पाणी आणि बेसन लावून दाट होतं. सोबत ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, खिचडा आणि मडक्यातली ताक-ज्वारीची आंबील. चार माणसं वाढली तर भज्जीत तांब्याभर पाणी आणि मूठभर बेसन वाढतं. मार्गशीर्ष-पौषात बाजारात ओले दाणे आले की एखाद्या रविवारी गच्चीवरही अशी भज्जी करावी. दाणे सोलायला पाहुण्यांना बसवा. शेंगा सोलता सोलता तोंडातही जातात, म्हणून अंदाजापेक्षा थोड्या जास्तच आणा.

ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी शुक्रवारीच करून ठेवायची, त्याबद्दल अधिक सांगत नाही. ज्याच्या त्याच्या घरचा ठेचा हाच उत्तम असतो.

रविवारी सकाळी उशिरा उठलेल्या घराला मुरमुऱ्यांचा सुशीला द्यावा. पोह्यांचा सगळ्यांना कंटाळा आलेला असतो. पाव किलो मुरमुरे पाच-सहा जणांना होतात. फोडणी आधी तयार करायची. तेलात शेंगदाणे, मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा, हळद. कांदा मऊ झाला की मगच मुरमुरे पाण्यात बुडवायचे, एक डुबकी, आणि लगेच दोन्ही हातांनी पिळून थेट कढईत. भिजत ठेवले की चोथा झालाच. मग डाळव्याची जाडसर पूड भुरभुरायची. ती जादा ओल शोषून घेते आणि चवही तिचीच. दोन मिनिटं झाकण, वरून लिंबू, कोथिंबीर. घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुला-मुलीवर हे काम सोपवावं. एकदा दाखवलं की पुढच्या वेळी आपल्याला उठावंही लागत नाही.

आणि निघताना पाहुण्यांच्या हातात धपाटे. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, तीळ, ओवा, हळद, लसूण-मिरचीचं वाटण. प्रवासाला द्यायचे असतील तर कांदा घालू नका आणि दह्याऐवजी थोडं मोहन घालून पाण्यात मळा, म्हणजे दुसऱ्या दिवशीही वास येत नाही. ओल्या फडक्यावर पातळ थापा, मध्ये बोटानं तीन-चार भोकं पाडा, फडक्यासकट उलटं करून तव्यावर टाका आणि फडकं अलगद सोडवा. भोकांतून तेल सोडलं की मधला भागही खमंग भाजतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. वाफ धरली की ते चिवट होतात. सुती फडक्यात गुंडाळा, बरोबर कोरडी शेंगदाण्याची चटणी द्या. पुण्याच्या गाडीत बसलेल्या भावाला वाटेत कुठं उतरून खावं लागत नाही, आणि सोमवारी सकाळी वहिनीला डब्याची घाई राहत नाही.

नमस्कार.