पुसू नये

(लालबाग. चाळीची गॅलरी, दारांवर खडूने टाकलेले आकडे. एका खोलीच्या माळ्यावरून गोणपाटाचं गाठोडं खाली येतं.)

चाळ रिकामी करायची म्हणजे आधी माळा रिकामा करायचा. आत्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत माळ्यावर काय नव्हतं? पितळी घंगाळ, मखराच्या पट्ट्या, मोडका पाळणा. आणि या गाठोड्यात व्हिडिओच्या चौदा व्हीएचएस कॅसेट. त्यांच्यामागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, त्या चालवायचा व्हीसीआर.

पुनर्विकासातल्या नव्या घराला माळा नाही. आतेभाऊ म्हणाला, "सगळं डिजिटल करून घेऊ आणि हे भंगारात देऊ." आत्या म्हणाली, "भंगारात? त्याच्यावर तुझ्या बाबांचं अक्षर आहे."

आहे खरं. निळ्या बॉलपेनने, ठसठशीत: 'लग्न, दादर, १९८८. पुसू नये.'

(कॅसेटची कड, जवळून.)

पुसू नये म्हणून नुसतं लिहायचं नसतं. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक चिमुकली पट्टी असते. ती तोडली की व्हीसीआर त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करायला नकार देतो. आत्याच्या यजमानांनी ती तोडलेली आहे. मात्र त्या भोकावर पिवळट सेलोटेप चिकटवलेला आहे. त्याकडे आमचं कोणाचं तेव्हा लक्ष गेलं नाही.

(गिरगाव. जिन्याखालची दुरुस्तीची खोली. भिंतीला छतापर्यंत व्हीसीआर रचलेले.)

यातले बहुतेक मेलेले आहेत. "म्हणूनच ठेवलेत," दुरुस्तीवाले काका सांगतात. "ह्याच्यातलं काढायचं, त्याला लावायचं." नवा पार्ट येणार कुठून? व्हीएचएस आणलं जपानच्या जेव्हीसीने, १९७६ मध्ये. फुनाई ही दुसरी जपानी कंपनी शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिली. तिनेही जुलै २०१६ मध्ये हात टेकले.

आमच्या व्हीसीआरचा रबरी पट्टा सैल पडून चिकट झालाय. तो बदलता येतो. काका घाबरतात ते हेडला, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागाला.

(उघडलेला व्हीसीआर. चकचकीत ड्रम फिरू लागतो.)

हा ड्रम बघा, किंचित तिरका बसवलेला. हेड यावरच असतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेऱ्या मारतो, म्हणजे सेकंदाला २५. पडद्यावरची चित्रंही सेकंदाला २५. एक फेरी, एक चित्र. टेप मात्र सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर पुढे सरकते. अर्ध्या इंचाच्या त्या टेपवर चित्र तिरक्या रेघांनी लिहिलेलं असतं, एकेक रेघ ४९ मायक्रॉन रुंद. डोक्यावरचा केससुद्धा सहसा याहून जाड असतो. आणि आम्ही हे हेड दहाची कोरी नोट घासून साफ करायचो! गणपतीत भाड्याने आणलेला व्हीसीआर, एका रात्रीत तीन पिक्चर, दुसऱ्या पिक्चरला पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या आल्या की कोणाच्या तरी खिशातून नोट निघायची. काका ऐकून कपाळाला हात लावतात.

कॅसेट आत टाकण्याआधी ते ती उजेडात धरतात. खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी जाळी दिसली तर ती बुरशी. मुंबईच्या हवेत चार पावसाळे माळ्यावर काढलेल्या कॅसेटला ती धरू शकते, आमच्या कॅसेटनी तर पंचवीसेक काढले. तशीच चालवली तर बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. चौदांपैकी तीन त्यांनी बाजूला ठेवल्या. त्या आधी उघडून साफ करायच्या.

माझ्या कुर्ल्याच्या मावशीकडे तेवढाही प्रश्न उरला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तिचं घर तळमजल्यावर होतं.

(संगणकाचा पडदा. एका बाजूला मंडपातली गर्दी, दुसऱ्या बाजूला हलणारे आकडे.)

डिजिटल करताना घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. स्वस्तातली कामं बघितलीत तर कळतं काय होतं ते: आवाज चित्राच्या मागे पडतो, चौकोनी चित्र ताणून रुंद केल्यामुळे मामा होते त्याहून जाड दिसतात, आणि मोबाइलवर पाठवता यावं म्हणून फाइल इतकी दाबतात की अक्षता आणि मुंग्या सारख्याच दिसाव्यात. डीव्ही या डिजिटल पद्धतीत तासाला साधारण १३ जीबी लागतात. लागू देत. त्या फाइलची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात. हार्ड डिस्कही मरते, आणि ती तर आधी मुंग्याही दाखवत नाही. माझं मत विचाराल तर मूळ कॅसेट टाकू नका. आज काढलेली प्रत वाईट निघाली असं उद्या लक्षात आलं, तर परत जायला तेवढीच जागा आहे. भाड्याच्या दुकानाला परत न केलेल्या पिक्चरच्या कॅसेट खुशाल टाका.

(मंगलाष्टकं. हॅलोजनचा झगझगीत उजेड, डोळे बारीक केलेले वऱ्हाडी. अंतरपाट खाली सरकतो. चित्र थरथरतं, तुटतं.)

आणि अंतरपाट सरकला, तो थेट शारजात.

खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. पडद्यावर सचिन. समोर ऑस्ट्रेलिया. २२ एप्रिल १९९८, १४३ धावांची ती खेळी, वाळूचं वादळ आलं होतं तीच मॅच. वादळ कुठलं आणि टेपच्या मुंग्या कुठल्या, ओळखू येत नव्हतं. आता सेलोटेपचा उलगडा झाला: भोक झाकलं की कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होतं. घरात कोरी कॅसेट नसणार, आणि सचिन काही थांबणार नव्हता.

आतेभाऊ हसायला लागला, मग आत्याकडे बघून थांबला.

मॅच पुढे मध्येच तुटली. आणि लग्न परत आलं. दुसऱ्या दिवशीचा सत्यनारायण, याच गॅलरीत. कठड्याला आंब्याची डहाळी, मागे गिरणीची चिमणी, आजी द्रोणातून प्रसाद वाटतेय. कॅमेरा जवळ आला तशी तिने पदर सावरला. अकरा मिनिटं. मग निळा पडदा.

काकांनी विचारलं, "मधली मॅच कापून देऊ का, ताई? लग्न सलग होईल."

आत्या पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "नको हो. राहू दे. तीपण ह्यांनीच टेप केलीय."